आईच्या घरातले दहा मीटर

शोधत होते आईचा स्पीकर, आणि टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, उगवलं रक्तदाब मोजायचं यंत्र. मी बंगळुरात, आई सांगलीत. तिच्या घरातल्या लॅपटॉपमध्ये एसएसएचनं, म्हणजे लांबून दुसरा संगणक चालवायच्या वाटेनं, शिरून ब्लूटूथची गाडी रुळावर आणायचं काम चाललं होतं. मध्येच हिरव्या रंगात ‘न्यू’ असं म्हणत एक ओळ आली. उपकरणाच्या पत्त्याचे बारा आकडे-अक्षरं आणि पुढे नाव, ज्यात बी आणि पी ठळक दिसत होते. आमच्या घरात कुणाला बीपी नाही, निदान मला माहीत असलेल्या घरात तरी नव्हतं. पुढे स्पीकर सुरू झाला, विविध भारती लागली, आई समाधानानं चहा टाकायला गेली. फोन ठेवून मी त्या ओळीकडे बघत बसले. दुपारची मीटिंग त्या तंद्रीतच पार पडली. कोण काय बोललं ते आज आठवत नाही.

हा सगळा संसार मांडला त्यामागे २०१९ चा महापूर आहे. आईचं घर तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ उपसत होतो तेव्हा बाबांचा जुना रेडिओ फडताळाच्या खालच्या कप्प्यात चिखलानं भरलेला सापडला. आईनं तो धुतला, उन्हात ठेवला, आणि दोन दिवसांनी मुकाट्यानं भंगारवाल्याला दिला. नवा आणू म्हटलं तर ‘आता स्टेशनं कुठं नीट लागतात’ म्हणाली. म्हणून मी माझा वापरून झालेला लॅपटॉप तिच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात बसवला. बॅटरी मेलेली, बिजागरी सैल, पण डेबियन ही लिनक्सची प्रणाली टाकल्यावर बिचारा तरतरीत झाला. पहाटे आपोआप आकाशवाणी लावतो, रात्री बंद करतो. त्याचा स्वतःचा आवाज चिरका, आणि आईला गाणी हवी असतात ओट्यापाशी. त्यामुळे स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी एक छोटा ब्लूटूथ स्पीकर. आईच्या लेखी रेडिओ म्हणजे तो स्पीकर. लॅपटॉप ‘तुझं मशीन’. त्याच्यावर ती आठवड्यातून एकदा फडकं मारते, एवढाच दोघांचा संबंध.

त्या दिवशी तिचा फोन आला, “अगं, डबडं बोलंनाच झालंय सकाळपासनं.”

आधी नेहमीच्या गोष्टी बघितल्या. ब्लूटूथची सेवा चालू आहे का, आरएफकिल या स्विचनं ब्लूटूथचा रेडिओ अडवलेला नाही ना, साउंडचा पाइपवायर जागा आहे ना. (एसएसएचमधून काम करताना हे शेवटचं फार सतावतं. साउंडचा सर्व्हर झोपलेला असला की ब्लूटूथ ‘प्रोफाइल अनअव्हेलेबल’ म्हणून हात वर करतं आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो.) सगळं ठीक होतं. मग ब्लूटूथसीटीएल, म्हणजे ब्लूटूथला कमांड द्यायचं हत्यार, उघडून स्पीकरचं ‘इन्फो’ मागवलं. पेअर्ड, यस. ट्रस्टेड, यस. कनेक्टेड, नो. ‘कनेक्ट’ म्हटलं की काही क्षण वाट बघायला लावून नकार. आईला विचारलं, “तू कुठलं बटण दाबलं होतंस का?” “धूळ पुसताना जरा वेळ दाबलं गेलं असंल. टुंईऽ असा आवाज आला होता,” आई म्हणाली. तिथं उलगडा झाला. स्पीकर कोरा झाला होता. त्यानं लॅपटॉपची आठवण पुसून टाकली होती, आणि लॅपटॉपला याची खबरच नव्हती.

दोन उपकरणं पहिल्यांदा जोडली जातात तेव्हा ती मिळून १२८ बिटांची एक किल्ली तयार करतात आणि दोघंही आपापल्याकडे एकेक प्रत ठेवतात. लिनक्समध्ये ती व्हार-लिब-ब्लूटूथ या फोल्डरात साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. आधी आपल्या रेडिओच्या पत्त्याचं फोल्डर, त्यात समोरच्याच्या पत्त्याचं, त्यात ‘इन्फो’ नावाची फाइल, आणि तिच्यात ‘लिंककी’ या मथळ्याखाली बत्तीस अक्षरं. फोनच्या स्क्रीनवर गोल गोल फिरणाऱ्या चक्राच्या पाठीमागे एवढंच असतं. एकानं आपली प्रत हरवली की दुसऱ्यानं कितीही जपली तरी उपयोग नाही. लॅपटॉपनं ‘पेअर्ड, यस’ म्हणणं खोटं नव्हतं, त्याच्याकडे किल्ली होतीच. अशा वेळी उपाय एकच. ‘रिमूव्ह’ म्हणून इकडची प्रतही फेकायची आणि पहिल्यापासून ओळख करून द्यायची.

त्यासाठी स्पीकर पेअरिंगला आणणं आलं, आणि ते सहाशे किलोमीटरवरून मला करता येत नाही. “आई, मधलं बटण दाबून धर.” “किती वेळ?” “टिंग वाजेपर्यंत सोडू नको.” फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज, मग कुकरची वाफ, मग दुरून, “वाजलं गं! निळं-तांबडं व्हायलंय.” मी न विचारता होकार देणारा ‘एजंट’ लावला, कारण स्पीकरला स्क्रीन नाही आणि आकडे जुळवून बघायला तिथं कुणी बसलेलं नाही. मग ‘स्कॅन ऑन’. लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर, अँटेनाही सामायिक. शोध सुरू झाला की माझंच एसएसएच अडखळायला लागतं. मी टाइप केलेलं अक्षर जरा थांबून उमटतं, मग चार ओळी एकदम येतात. मला ते अडखळणं आवडतं. तिकडे कोनाड्यातलं यंत्र मान वळवून घरभर कान देतंय, हे त्यातून हाताला कळतं.

आणि ओळी येतात. शेजाऱ्यांचा टीव्ही. कुणाचे तरी कानातले. वरच्या मजल्यावरच्या पोराचं मनगटी घड्याळ. नाव नसलेले कितीतरी पत्ते, बहुतेक फोन, जे ओळखू येऊ नये म्हणून थोड्या थोड्या वेळानं आपला पत्ता बदलतात. हिरव्या ओळी नव्या आलेल्यांच्या, पिवळ्या म्हणजे काहीतरी बदललं, बहुतेक वेळा सिग्नलची ताकद. हा आकडा उणे असतो. उणे चाळीस म्हणजे अगदी जवळ, उणे नव्वद म्हणजे कुठंतरी भिंतींपलीकडे. स्पीकर उणे एकसष्टला दिसला. त्याच्या खालीच ते यंत्र, उणे पंचावन्न.

मी ‘इन्फो’ मागवलं. का मागवलं याचं उत्तर माझ्याकडे आहे. नावातली दोन अक्षरं बघून पोटात कालवलं होतं, आणि हाताशी कमांड होती. उत्तरात सेवांच्या यादीत ‘ब्लड प्रेशर’ आणि कंसात सुरुवातीच्या शून्यांनंतर १८१० असलेला लांबलचक क्रमांक. हे क्रमांक जगभर ठरलेले आहेत. १८०८ म्हणजे रक्तातली साखर, १८०९ म्हणजे तापमापक, १८०डी म्हणजे हृदयाचे ठोके. १८१० म्हणजे रक्तदाब. शंकेला जागा नव्हती. शंका होती ती एवढीच, की यंत्र कुणाचं.

उणे पंचावन्न म्हणजे नेमकं कुठं, हे कुठलीच कमांड सांगत नाही.

या लहरींचं पाण्याशी जमत नाही. २.४ गिगाहर्ट्झची लहर माणसाच्या अंगातून जाताना बरीच शोषली जाते. आई स्पीकर आणि लॅपटॉपच्या मध्ये उभी राहिली की स्पीकरचा आकडा घसरतो, हे मी पूर्वी पाहिलं होतं आणि त्यात मला गंमत वाटली होती. आता मी त्याच आकड्याकडे घाबरून बघत होते. देवघराच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंची बैठकीची खोली आहे. मध्ये एकच वीट. यंत्र काकूंचं असू शकत होतं. तसं असेल तर मी शेजारणीच्या प्रकृतीत डोकावले होते. आईचं असेल तर आईच्या. दोन्हीपैकी काहीही कुणी मला आपण होऊन सांगितलेलं नव्हतं. ‘पेअर’ करून बघितलं तर शेवटची नोंदही मिळेल का, असाही एक विचार येऊन गेला. तेवढ्यात आई फोनवर म्हणाली, “काय झालं गं, गप का झालीस?” मी म्हटलं, “काही नाही, लावते आता.” स्पीकरला ‘पेअर’, मग ‘ट्रस्ट’, मग ‘कनेक्ट’. शोध थांबवला. न जोडलेल्या उपकरणांना ब्लूझेड, म्हणजे लिनक्समधलं ब्लूटूथ सांभाळणारं सॉफ्टवेअर, अर्ध्या मिनिटानंतर यादीतून काढून टाकतं. लाल ‘डेल’ ओळी पटापट आल्या, त्यांतच ते यंत्रही गेलं.

असं यंत्र मोठमोठ्यानं आपलं नाव का सांगत बसतं, याला कारण आहे. ते घेतलेली नोंद मालकाच्या फोनला द्यायला बघतं. फोन सापडेपर्यंत ठरावीक तीन वाहिन्यांवर पुन्हा पुन्हा पुकारा करतं, ‘मी अमुक आहे, मला अमुक येतं.’ कमी ताकदीच्या ब्लूटूथमध्ये, म्हणजे २०१० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून, एकूण ४० वाहिन्या असतात आणि त्यांतल्या ३७, ३८ आणि ३९ या पुकाऱ्यासाठी राखून ठेवलेल्या. वाय-फायची जिथं नेहमी गर्दी असते त्या जागा टाळून त्या निवडल्या आहेत, म्हणजे पुकारा नीट ऐकू जावा. सकाळी गल्लीत मेथीवाली ओरडत जाते तेव्हा कोण ऐकतंय हे तिला ठाऊक नसतं, आणि ज्याला मेथी नकोय त्यालाही ऐकू येतंच. त्या यंत्राचंही तसंच. घेणारा फोन जवळ नव्हता, म्हणून ते पुकारत राहिलं. ऐकायला मी होते.

स्वीडनमधल्या लुंड गावात एरिक्सनच्या इंजिनिअरांनी १९९४ मध्ये हे काम हाती घेतलं ते वायरी घालवण्यासाठी. फोनपासून कानापर्यंतची वायर, संगणकापासून प्रिंटरपर्यंतची वायर. सगळी मांडणी एका टेबलाच्या, एका खोलीच्या मापाची आहे. साध्या उपकरणाची ताकद अडीच मिलिवॉट, पोच दहा मीटर. जोडणारा माणूस तिथंच उभा आहे, दोन्ही उपकरणं त्याच्या डोळ्यांसमोर आहेत, हे त्यात गृहीत धरलेलं. अशा माणसाला शेजारचं यंत्र दिसलं तर त्यात काही नवल नाही. ज्या खोलीत तो उभा आहे त्या खोलीत यंत्र टेबलावरच ठेवलेलं दिसेल. माझं तसं नव्हतं. मी त्या दहा मीटरांत नव्हते, तरी ते दहा मीटर माझ्या पडद्यावर होते. भिंती, कपाटांची दारं, आईनं काहीतरी उशाखाली सारलेलं, यातलं काहीच मध्ये येत नव्हतं.

आणि तरी मी ही काळी खिडकी सोडणार नाही. ब्लूझेडची पाचवी आवृत्ती २०१२ च्या डिसेंबरात आली तेव्हापासून ब्लूटूथसीटीएल आहे. त्याआधीची हत्यारं, एचसीआयटूल, एचसीआयकॉन्फिग, मी हापिसात एका सहकाऱ्याच्या खांद्यावरून बघून शिकले होते. त्यांच्यात प्रत्येक कामाला वेगळी कमांड, वेगळी सवय. ब्लूटूथसीटीएलमध्ये सगळं एका जागी आलं, आणि मला भावलं ते त्यातलं सुटेपण. फोनवर एका बोटानं होतं ते इथं पायरीपायरीनं. दिसणं निराळं, ओळख होणं निराळं, पुढच्या वेळी न विचारता आत घेणं निराळं, आणि या घडीला जोडलेलं असणं निराळं. कुठं अडलंय ते नेमकं बोट ठेवून सांगता येतं. आईच्या गावातलं बिघडलेलं काही मी इथून दुरुस्त करू शकते, असं या जगात फार थोडं आहे. तिचा गुडघा नाही, नळाला येणारं गढूळ पाणी नाही, वरच्या मजल्यावरची गळती नाही. स्पीकर मात्र करू शकते. लेकीला याचं मोल काय असतं ते घरापासून लांब राहणाऱ्या कुणालाही विचारावं.

मी पुण्याला हॉस्टेलवर होते तेव्हा आईची आंतरदेशीय पत्रं यायची. निळा कागद, शेवटी शेवटी अक्षर बारीक होत कडेनं वर चढलेलं. त्यात तिच्या आजाराची बातमी नेहमी भूतकाळात असायची. ‘मागच्या आठवड्यात ताप होता, आता बरं आहे. काळजी करू नये.’ एकदा तर गर्भाशयाचं ऑपरेशन होऊन ती घरी आल्यावर मला पत्रातून कळलं. मी चिडून पोस्टातून ट्रंक कॉल लावला, तर पलीकडून म्हणाली, “तुझी परीक्षा होती ना.” तिला लपवायचं नसतं. तिला आधी स्वतः त्यातून पार पडायचं असतं आणि मग सांगायचं असतं. पत्रामुळे तिला तेवढी उसंत मिळायची. पाच दिवस तर टपालच घ्यायचं. आता ती उसंत तिला कोण देणार? व्हिडिओ कॉलवर मी तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं बघते, पाठीमागची न आवरलेली अंथरुणं बघते, आणि आता तर यंत्रांचे पुकारेसुद्धा ऐकायला लागले.

त्या संध्याकाळी मी फोन केला आणि तासभर इकडचं तिकडचं बोलले. विचारलं नाही. एकदा शब्द ओठांवर आले होते. पण विचारायचं तर मला कसं कळलं तेही सांगावं लागलं असतं, आणि कोनाड्यातल्या त्या मशीनकडे ती पुन्हा पहिल्यासारखं बघू शकली नसती. पहाटे त्यातून भूपाळी लागते, तिला त्याच्यावर एवढाच भरवसा पुरतो. रात्री झोप येईना म्हणून पुन्हा लॉगिन केलं. वाटलं होतं, यादीतून गेलं म्हणजे मिटलं. तसं नव्हतं. व्हार-लिब-ब्लूटूथमध्ये ‘कॅशे’ नावाचं आणखी एक फोल्डर असतं. येता-जाता ज्यांची नावं कानावर पडली त्या सगळ्यांची त्यात एकेक छोटी फाइल. जोडलेले असोत नसोत. वरच्या पोराचं घड्याळ, टीव्ही, पाहुण्यांचे कानातले, ज्यांची मी नावंही विसरले होते असे कितीतरी. आणि ते यंत्र. प्रत्येक फाइलीला तारीख. मी ती यादी तारखेप्रमाणे लावून बघितली नाही. टाइप केलेली कमांड पुसली आणि माझा लॅपटॉप मिटला.

दिवाळीला गेले तेव्हा आईनंच सांगितलं. फराळाचं ताट पुढ्यात ठेवत, चकल्या कशा झाल्यात हे विचारता विचारता. पावसाळ्यात चक्कर आली होती. डॉक्टरांनी महिनाभर रोज दोनदा मोजून लिहायला सांगितलं. वरच्या पोरानं यंत्र आणून दिलं आणि कसं लावायचं ते शिकवलं. फोनात आपोआप नोंद होते म्हणाला होता, पण ‘मला नाही बाई ते जमत, मी आपली लिहिते.’ भिंतीवरचं कालनिर्णय काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवलं. चौकोनांत एरवी दुधाचा हिशोब असतो, अर्धा लिटर, पाऊण लिटर, सुट्टी. त्याच चौकोनांत पेन्सिलीनं दुसऱ्या कोपऱ्यात १४८/८६, खाली संध्याकाळचा १३६/८२. पानं उलटत गेले तसे आकडे उतरत गेलेले. एका दिवशी काहीच नव्हतं. मी बोट ठेवलं तर म्हणाली, “त्या दिवशी तुझ्या मावशीकडं गेले होते. गोळी मात्र घेतली.” डॉक्टरांनी सुरू केलेली बारीकशी गोळी आता रोज नाश्त्यानंतर. मग नेहमीचं वाक्य, “आता बरं आहे.”

मला ठाऊक होतं, हे मी तिला सांगितलं नाही. तिनं ते एवढं निगुतीनं मांडलं होतं, आधी चकली, मग चक्कर, मग आकडे, मग आता बरं आहे. ते ऐकताना मला खरोखरच नव्यानं कळत होतं. चक्कर आली, मावशीकडे गेली, पेन्सिल कोपऱ्यात कशी धरली, यातलं १८१० या क्रमांकात काहीही नव्हतं. तरीही माझी इतक्या दिवसांची काळजी कुठं ठेवायची ते मला त्या ताटापुढे बसून समजत नव्हतं. थोडा रागही होता. तिच्यावर, की तिनं सांगितलं नाही. आणि स्वतःवर नव्हे, त्या यंत्रावर, की त्यानं सांगितलं.

तो राग निवल्यावर दुपारी आई झोपलेली असताना मी कोनाड्यातला लॅपटॉप पुढ्यात घेतला. ब्लूटूथची सेवा थांबवली, कॅशे फोल्डर रिकामं केलं, सेवा परत चालू केली. मग स्पीकरसाठी लिहून ठेवलेली कमांडांची छोटी स्क्रिप्ट उघडली. तिच्यात पूर्वी ‘स्कॅन ऑन’ होतं, ते सगळ्यांना ऐकतं, जुन्या पद्धतीच्या उपकरणांनाही आणि कमी ताकदीच्या पुकाऱ्यांनाही. त्या जागी ‘स्कॅन बीआरईडीआर’ घातलं. स्पीकर, हेडफोन ही मंडळी जुन्या पद्धतीनं सापडतात, तेवढीच आता दिसतात. रक्तदाबाचं यंत्र, घड्याळं, साखर मोजणारं यंत्र, वजनकाटा, हे सगळे दुसऱ्या बाजूचे. ते पुकारत राहतील, पण लॅपटॉप तिकडे कान देणार नाही. पंधरा सेकंदांची मुदत घातली, म्हणजे शोध उगाच चालू राहायला नको. वर दोन ओळींची टीप लिहिली की हे का केलंय, कारण वर्षभरानं मीच गडबडीत ते बदलून टाकेन.

काळजीचं काय, हा प्रश्न उरतोच. उद्या तिला खरंच काही झालं आणि तिनं सांगितलं नाही तर? मी वरच्या पोराला माझा नंबर दिला आणि शेजारच्या काकूंनाही, आईच्या देखत, तिला सांगून. “रात्री-अपरात्री काही वाटलं तर मला फोन करायचा, आई नको म्हणाली तरी.” आई म्हणाली, “करू दे की, मी कुठं नको म्हणते.” मग पोराला स्क्रिप्ट कशी चालवायची ते दाखवलं. त्यानं बटण दाबून धरलं, टिंग झाल्यावर सोडलं, मी म्हटलं तसं एंटर मारलं. स्पीकर एका दमात जोडला गेला आणि आकाशवाणी सांगलीवरचं शेतीविषयक बोलणं मधूनच सुरू झालं. द्राक्षांवरच्या भुरीबद्दल कुणीतरी सांगत होतं. पोरानं आवाज कमी करू का म्हणून विचारलं. आई जागी झाली होती, आतूनच म्हणाली, “राहू दे, ऐकतीय मी.”